स्वमग्नतेचं खापर आईच्या माथी

१९३८ साली अमेरिकेत मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या गावातून बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांना एक टंकलिखित पत्र आलं. ३३ पानांचं. लिहिणारे गृहस्थ वकील होते आणि विषय होता त्यांचा पाच वर्षांचा मुलगा, डोनाल्ड. त्याला प्रश्नोत्तरांच्या धार्मिक पाठातली २५ उत्तरं तोंडपाठ होती, वस्तू गरागरा फिरवण्यात तो रमून जाई, पण घरात कोण आलं-गेलं याकडे त्याचं लक्षच नसे. एकटं राहण्यात तो सर्वांत खूश असे.

कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला. स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, वैद्यकीय ओळख तिथून सुरू होते. पहिली नोंद डोनाल्डची. वडिलांच्या पत्राचा त्यांनी भरपूर उपयोग केला, पण त्यातल्या बारीकसारीक तपशिलांना झपाटलेपणाचा शिक्काही मारला! मुलांची ही एकटं राहण्याची वृत्ती जन्मजात असावी, असं निबंधाच्या शेवटी त्यांनी स्पष्ट म्हटलं. सोबत हेही नोंदवलं, की या मुलांच्या पालकांत खरोखर मायाळू म्हणावेत असे फार थोडे.

इथेच घात झाला. बाल्टिमोरच्या नामवंत डॉक्टरपर्यंत त्या काळी पोहोचायचं कोण? वकील, डॉक्टर, प्राध्यापक. शेतमजुराच्या मुलाची तिथवर मजलच जात नसे. त्यामुळे उच्चशिक्षित, मोजकं बोलणारे पालक हे आजाराचं लक्षण वाटू लागलं. शिवाय हाक मारली तरी वळून न बघणाऱ्या मुलाशी वागताना आई हळूहळू गप्प होत जाते, हा परिणाम असू शकतो, कारण नव्हे, याचा विचार फारसा झालाच नाही. त्याच घरातली दुसरी मुलं नीट बोलत-खेळत होती, तिकडेही काणाडोळा झाला.

१९४९ पर्यंत कॅनरच लिहू लागले, की ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवलेली होती. ‘फ्रिजसारखी थंड आई’ ही कल्पना मग घरोघरी गेली.

तिला सर्वांत कठोर रूप दिलं शिकागोत अशा मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांनी. ते व्हिएन्नाचे ज्यू. डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्या त्यांनी स्वतः भोगल्या होत्या. छावणीतले कैदी आत मिटून जात, तशी ही मुलं मिटली आहेत, असं त्यांनी मांडलं. १९६७ च्या पुस्तकात तर मूळ कारण सांगितलं ते असं: हे मूल नसतं तर बरं, ही आईवडिलांची इच्छा. आपल्या लेकराला कधी बोलता येईल म्हणून तळमळणाऱ्या बाईला हे वाचावं लागलं. उपचार म्हणजे मुलाला घरापासून तोडायचं आणि आईचं मनोविश्लेषण करायचं. आईने इन्कार केला, तर तो इन्कारच तिच्या दडपलेल्या द्वेषाचा पुरावा ठरे. ज्या सिद्धान्ताला कुठल्याच उत्तराने खोटं ठरवता येत नाही त्याला विज्ञान म्हणू नये. एका पिढीतल्या बायकांवर हा उघड अन्याय होता.

या कल्पनेवर उलटा वार त्याआधीच केला होता एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा स्वमग्न. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी एकेक दावा तपासला आणि कारण मेंदूच्या जडणघडणीत शोधायला हवं, असं दाखवलं. प्रस्तावना कॅनर यांचीच. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी ‘तुम्हाला दोषमुक्त करतो’ असं जाहीर केलं, तेव्हा अख्खी सभा उठून उभी राहिली.

पुरावा १९७७ मध्ये आला. सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या, म्हणजे जनुकं समान असलेल्या, जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघंही स्वमग्न निघाले, वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. जोड्या थोड्या, पण दिशा स्पष्ट होती. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा हा वाटा पक्का केला.

तरी आईभोवतीचा संशय सुटत नाही. आपल्याकडे ‘नोकरी करते’, ‘मोबाइल हातात दिला’ असं सहज बोललं जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणात घेतलेल्या पॅरासिटामॉलवर बोट ठेवलं. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात सख्ख्या भावंडांची आपसांत तुलना केल्यावर गोळीचा आणि स्वमग्नतेचा संबंध उरला नाही. गरोदरपणात अंगावर काढलेला जोराचा ताप मात्र बाळाला अपायकारक ठरू शकतो. तेव्हा गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.