बंब (पाणी तापवण्याचा)

जळणावर चालणारे, जमिनीवर स्वतंत्र उभे राहणारे, अंघोळीचे पाणी तापवण्याचे घरगुती साधन. शेगडी आणि पाण्याचे भांडे असे दोन्ही यात एकत्र असते. कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमधील घरांत आणि करवीर, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या तालुक्यांतील गावांत न्हाणीशेजारी किंवा परड्यात बंब अजून दिसतो. गॅस गिझर आणि सोलर आल्यापासून त्याचा रोजचा वापर घटला. मात्र जिल्ह्याच्या पश्चिम भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन असे पडतच नाही. गच्चीवरचा सोलर तेव्हा नावापुरता उरतो आणि अडगळीत गेलेला बंब पुन्हा पेटतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शहराच्या बऱ्याच भागांत वीज गेली होती. वीज आणि सिलिंडर दोन्हींवाचून चालणारी वस्तू घरात असण्याचे मोल अशा दिवसांत कळते.

रचना : बंबाचे पोट तांब्याच्या पत्र्याचे, उभट असते. पोटाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळा आरपार गेलेला असतो. नळ्याच्या तळाशी बिडाची जाळी आणि तिच्याखाली राखेचा खण. जळण वरून नळ्यात टाकतात, पाणी नळ्याभोवतीच्या पोकळीत भरतात. नळा तापला की आतली हवा हलकी होऊन वर जाते आणि जाळीखालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. म्हणून बंब नीट लागला की फुंकणीची गरज राहत नाही. चुलीवरच्या हंड्याला आच लागते ती बुडाला आणि थोडी बाजूंना, उरलेली वाया जाते. बंबात विस्तवाला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा असतो. जळण कमी लागण्याचे खरे कारण हे आहे.

श्रेय मात्र बहुधा तांब्याला दिले जाते. तांबे साध्या पोलादाच्या सातआठ पट उष्णतावाहक आहे, हे बरोबर. पण पत्रा इतका पातळ असतो की पाणी तापण्याच्या वेगात त्याने फारसा फरक पडत नाही. तांब्याचा फायदा वेगळा आहे. ते गंजून भोके पडत नाहीत आणि झिजले, चेपले तरी तांबटाकडून दुरुस्त करून घेता येते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा बंब स्वस्त पडतो, पण तळाशी राख ओली राहिली की तिथूनच कुजतो.

तोटीचे दोन प्रकार आढळतात. एकात पितळी तोटी खाली, तळाजवळ असते. दुसऱ्यात वरच्या अंगाला चोच असते. नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते नळीवाटे थेट तळाशी जाते आणि वरचे कढत पाणी चोचीतून बादलीत पडते. हा दुसरा प्रकार जास्त निर्धोक, कारण त्यातले पाणी कधी संपत नाही. खालच्या तोटीच्या बंबात शेवटची अंघोळ करणाऱ्याने सगळे पाणी काढून घेतले आणि नळ्यात निखारे तसेच राहिले, तर बंब वाया जायला पाच मिनिटे पुरतात.

पेटवणे : आधी पाणी, मग विस्तव. हा क्रम कोणत्याही कारणाने उलटा करायचा नाही. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, पण सांध्यांना लावलेला कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आसपासच पातळ होतो. पलीकडे पाणी असेपर्यंत पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही आणि डाख टिकतो. रिकामा बंब पेटला की सांधे सुटतात. पाणी ओतायचे झाकण घट्ट बसवू नये. वाफेला वाट हवी.

पेटवताना जाळीवर नारळाची शेंडी किंवा पाचटाची मूठ, त्यावर काटक्या आणि धग धरली की करवंटी किंवा हाताएवढे लाकूड. नळा गच्च भरला की हवेची वाट बंद होते आणि धुराचा लोट उठतो. राखेच्या खणाचे दार सुरुवातीला पूर्ण उघडे आणि पाणी ऊन झाल्यावर अर्धे लावलेले ठेवावे. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे २,९०० किलोज्यूल उष्णता लागते. सुक्या लाकडाच्या एका किलोत १५,००० किलोज्यूलच्या आसपास उष्णता असते. निम्मी वाया गेली असे धरले, तरी चारशे ग्रॅम लाकडात दोघांच्या अंघोळी होतात, कारण हे कढत पाणी विसण घालूनच वापरायचे असते.

जळण : कोल्हापूर भागात बंबाच्या पोटात काय जाते, यावरून घरची शेती ओळखावी. उसाची चिपाडे आणि पाचट, दाणे काढलेली मक्याची बुरकुंडे, तुरकाट्या, करवंट्या, वखारीतल्या ढलप्या. गुऱ्हाळाच्या चुलवाणातही चिपाडच जळते. ते भसकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, म्हणून बंबात ते पेटवणीपुरते बरे. शेणी सावकाश जळते आणि पाणी तासभर ऊन ठेवते, पण राख फार करते. शहरात शेणीला आणखीही एक काम आहे: होळीच्या सुमारास होळी लहान करून पंचगंगा स्मशानभूमीला शेणी दान करण्याची मोहीम चालते.

ओले जळण हा बंबाचा शत्रू. त्यातले पाणी उडवण्यातच आच खर्च होते आणि अर्धवट जळालेला धूर नळ्याला डांबरासारखा चिकटतो. पावसाळ्याचे जळण मेच्या आत छपराखाली गेलेले असावे. प्लॅस्टिकच्या पिशव्या, रंगवलेली लाकडे, प्लायवुडचे तुकडे बंबात घालणे ही अलीकडची वाईट खोड आहे. त्यांचा धूर विषारी असतो. जळण घरचे असेल तोवर बंब परवडतो. लाकूड विकत आणून तो रोज पेटवणे ही हौस समजावी.

बंद न्हाणीत बंब पेटवणे जिवावर बेतू शकते. ज्वाळा विझून नुसते निखारे उरले की धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला वास नसतो. आधी डोके जड होते, मग शुद्ध हरपते. बंबाची जागा परड्यात किंवा मोकळ्या पडवीत. आत न्यायची ती कढत पाण्याची बादली.

निगा : नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाआधी बंब चिंच-मिठाने घासण्याची चाल घराघरांत होती. भिजवलेल्या चिंचेचा कोळ मिठासकट काळवंडलेल्या पत्र्यावर चोळला, की आम्लाने वरचा थर सुटतो आणि बोटामागे गुलाबी तांबे उघडे पडत जाते. लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचे. आंबटाचा अंश राहिला तर दोन दिवसांत हिरवा कळंक धरतो. हे सगळे देखणे आहे, पण बंबाच्या कामाशी त्याचा संबंध कमीच. बाहेरून लखलखणाऱ्या कित्येक बंबांचा नळा आतून काजळीने भरलेला असतो. काजळी उष्णता अडवते आणि जाड थर कधी कधी स्वतःच पेट घेतो. काठीच्या टोकाला काथ्याचा बोळा घट्ट बांधून आठवड्यातून एकदा नळा वरपासून खालपर्यंत घासला, तर जळणात लगेच फरक पडतो.

पोटात साचणारा पांढरा खर हा बोअरच्या जड पाण्याचा प्रसाद. पाणी तापले की त्यातले कॅल्शियमचे क्षार पत्र्यावर बसतात. लिंबूसत्त्व घातलेले कोमट पाणी काही तास भरून ठेवले की खर सुटतो. ठोकून काढायला जाऊ नये, पत्रा चेपतो. राख रोज काढावी, तीही लोखंडी घमेल्यात. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. थंड झालेली राख भांडी घासायला किंवा झाडांच्या बुंध्याशी जाते.

गळती बहुधा दोनच ठिकाणी होते: तोटीच्या बुडाशी आणि नळा तळाला जोडतो त्या सांध्यात. डाख देणारा कारागीर मिळेनासा झाल्याने पुष्कळ बंब मोडीच्या भावाने गेले, काही दिवाणखान्यात शोभेला उभे राहिले. जुना बंब वापरासाठी घ्यायचा झाल्यास तो काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवावा आणि सकाळी कागद तपासावा. तळाच्या सांध्याखाली ओल दिसली, तर डाखाचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.