नागपूरच्या उन्हाळ्यात रबर प्लांट

गेल्या मे महिन्यात शेजारच्या काकूंनी त्यांची रबर प्लांटची कुंडी माझ्या अंगणात आणून ठेवली. खालची पानं पिवळी होऊन गळालेली, वरच्यांनी माना टाकलेल्या. “उन्हानं गेलं हो,” त्या म्हणाल्या, “रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालत होते, तरी!” कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढला. माती चिखलासारखी चिकट, मुळं काळी पडलेली, बोटानं दाबली की त्यांची साल सुटून हातात येत होती आणि वास गटारासारखा. पारा ४४ अंशांवर होता आणि हे झाड पाण्यात बुडून मरत होतं.

विदर्भात रबर प्लांट बहुतेक वेळा असाच जातो. तो का जातो हे कळायला त्याचा जन्म कुठे होतो ते बघावं लागतं.

रबर प्लांट म्हणजे फायकस इलास्टिका, आपल्या वड-पिंपळ-उंबरांचं भावंड. पूर्व हिमालयाचा पायथा आणि ईशान्य भारतापासून म्यानमार, मलेशिया, इंडोनेशियापर्यंतची जंगलं हे त्याचं माहेर. पक्ष्यानं फळ खाल्लं आणि दुसऱ्या एखाद्या उंच झाडाच्या बेचक्यात विष्ठा टाकली की तिथे बी रुजतं. जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो, तसंच. बेचक्यात असतो मूठभर पालापाचोळा आणि शेवाळ. पाऊस धो धो पडला तरी पाणी थांबत नाही, वाहून जातं. मुळांभोवती सतत हवा खेळते. पुढे हवेतूनच मुळं खाली सोडत झाड जमिनीला टेकतं. मेघालयातले खासी लोक हीच मुळं सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडांतून ओढ्यापलीकडे नेतात आणि वर्षानुवर्षं वाढवून त्यांचे जिवंत पूल करतात. चेरापुंजीच्या खाली नोंग्रियाट गावातला दुमजली पूल प्रसिद्धच आहे.

या झाडाचा चीकही तिथल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक होता. १८१० च्या अखेरीस कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे सिल्हेटहून (आजच्या बांगलादेशातून) मधानं भरलेली वेताची टोपली आली. वेताच्या टोपलीतून मध गळत कसा नाही? आतून तिला या झाडाच्या चिकाचा लेप दिलेला होता. शास्त्राच्या पुस्तकांत हे झाड शिरलं ते त्या टोपलीमुळे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण शोध लावणारे खरे लोक डोंगरातले मध काढणारे होते.

आता पानाकडे बघा. जाड, चकचकीत, चामड्यासारखं. बीएस्सीला ज्यांनी वनस्पतीशास्त्र घेतलं होतं त्यांना याचा आडवा छेद आठवत असेल. इतर बहुतेक पानांना वरून पेशींच्या एका थराची त्वचा असते, इथे एकाखाली एक असे अनेक थर असतात आणि त्यांत पाणी साठवलेलं असतं. मध्येच एखाद्या मोठ्या पेशीत देठाला लोंबणारा, द्राक्षाच्या घोसासारखा कॅल्शियम कार्बोनेटचा खडा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो पहिल्यांदा दिसला की डोळा हलत नाही. श्वास घेणारी पर्णरंध्रं फक्त खालच्या बाजूला, तीही खोलगट जागी. बेचक्यात पाणी टिकत नाही, म्हणून झाडानं पाण्याची टाकी पानातच बांधली आहे. एखादा आठवडा पाणी चुकलं तर हे झाड निभावून नेतं. आठवडाभर मुळांना हवा मिळाली नाही तर मात्र निभत नाही.

मुळंही श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून त्यांना प्राणवायू मिळतो. ती पोकळी पाण्यानं भरली की प्राणवायूचा प्रवास सुमारे दहा हजार पटींनी मंदावतो. उन्हाळ्यात यावर आणखी एक भार पडतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ४० अंशांना साडेसहाच्या आसपास. आणि माती तापली की मुळांची भूक वाढते, साधारण दर १० अंशांना दुप्पट. म्हणजे गरज वाढलेली असतानाच पुरवठा तुटतो. मुळं गुदमरली की ती पाणी ओढू शकत नाहीत, आणि चिखलात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं मान टाकतं. ती मान बघून आपण आणखी एक तांब्या ओततो. काकूंचं नेमकं हेच झालं होतं, आणि त्यात त्यांची माया सोडून दुसरं काही नव्हतं.

मे महिन्यात झाड जास्त पाणी पीत असेल हा आपला अंदाजही घरातल्या झाडाला पुरता लागू पडत नाही. २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा पानातून जेवढ्या जोरानं पाणी ओढते, त्याच्या पाचपट जोरानं ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेची हवा ओढते. अशा वेळी झाड पर्णरंध्रं मिटून घेतं. त्यातून कुंडी जर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात असेल तर तिथे उजेडच नसतो. बाहेर भर दुपारी १ लाख लक्स प्रकाश असतो, कोपऱ्यात शे-दोनशे. आपले डोळे अंधाराला लगेच सरावतात म्हणून हा फरक जाणवत नाही, झाडाला मात्र जाणवतो. कमी उजेड म्हणजे कमी अन्न, कमी वाढ आणि पाण्याचा कमी उपसा. माती आठ-आठ दिवस ओलीच राहते.

तेव्हा पाणी वार बघून घालू नये, बोट बघून घालावं. बोटाची दोन पेरं मातीत खुपसायची, ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. कोरडं लागलं तर कुंडीच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर घालायचं आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. ते ठेवलं तर डासही होतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडाला घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात ते मुळातच पुष्कळ असतात.

माती हा विदर्भातला मोठा प्रश्न आहे. आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण कुंडीत ती ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते. मी एक भाग साधी माती, एक भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळखत घेते. कुंडी मातीचीच असावी. माठातलं पाणी जसं झिरपून गार होतं, तशी ती मुळांना गार ठेवते. कोकणात किंवा मुंबईत हवा दमट असते, तिथे तीच कुंडी माती लवकर सुकवायला मदत करते. फक्त तिला बाहेरून ऑइलपेंट फासू नका, छिद्रं बुजतात.

जागा पूर्वेच्या खिडकीपाशी उत्तम. पश्चिमेच्या काचेमागे दुपारचं ऊन आलं की पानांवर कागदासारखे तपकिरी डाग पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. पांढऱ्या कडांच्या जाती तर आणखी लवकर भाजतात, तरी हिरव्यापेक्षा त्यांना उजेड जास्त लागतो. एसी किंवा कूलरचा झोत थेट अंगावर नको. त्याच खोलीत, झोताबाहेर, कूलरच्या ओलाव्यात झाड खुशीत राहतं. पानांवर फवारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं धूळ पुसा. तेल लावून चमकवू नका, त्यावर दुप्पट धूळ बसते. भर उन्हाळ्यात खत नको, ते पावसाळ्यात.

हवा शुद्ध करतं म्हणून हे झाड विकलं जातं, त्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. या दाव्यामागचा नासाचा १९८९ चा अभ्यास छोट्या बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढी शुद्धी साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. खिडकी उघडणं सोपं.

काकूंच्या झाडाचा शेंडा अजून टणक होता. टोकाशी लालसर आवरणात गुंडाळलेलं नवं पान होतं. जून उजाडण्याची वाट पाहिली असती तर कूज वर चढली असती, म्हणून लगेच वीतभर शेंडा धारदार सुरीनं कापला. पांढरा चीक वाहू लागला. तो हाताला लागला तर खाज सुटते, लहान मुलांपासून आणि मांजरापासून दूर ठेवावा. काप धुऊन सुकू दिला, दोनच पानं ठेवली आणि त्यांची सुरळी करून दोऱ्यानं बांधली, म्हणजे पाणी कमी उडेल. मग ओलसर कोकोपीट आणि रेतीत खोचून सावलीत ठेवलं, वरून प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. आपल्याकडे या झाडाचं परागीभवन करणारी विशिष्ट गांधीलमाशी नाही, त्यामुळे बी धरत नाही. फाटे आणि गुटी कलम, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून घेणं, हेच मार्ग. पावसाळ्यात गुटी फार छान साधते.

सहाव्या आठवड्यात शेंडा हलकेच ओढून पाहिला तर त्यानं जागा सोडली नाही. आता ती कुंडी काकूंच्या पूर्वेच्या खिडकीत आहे. लाल आवरण गळून पडलं त्या दिवशी काकूंनी ते हातात धरून मला दाखवायला आणलं होतं.