सामू १.७: टोनी हंटर आणि टायरोसिनवरचे फॉस्फेट

प्रथिनांवर फॉस्फेट कुठे बसते, या प्रश्नाचे उत्तर १९७९ पर्यंत ठरलेले होते: सेरिन आणि थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवर. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५० च्या दशकात स्नायूंमधल्या एका विकरावर काम करताना दाखवून दिले होते, की फॉस्फेट जोडले किंवा काढले की प्रथिनाचे काम चालू-बंद होते. फॉस्फेटबरोबर ऋण भार येतो, त्याने प्रथिनाची घडी थोडी बदलते आणि तेवढ्यावर विकर जागे होते. फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. फॉस्फेट अडकवायला अमिनो आम्लाच्या बाजूच्या साखळीत हायड्रॉक्सिल गट लागतो, आणि तो तर टायरोसिनमध्येही असतो. तरी तिकडे कोणी फारसे पाहत नव्हते, कारण प्रयोगांत ते कधी दिसलेच नव्हते.

ते दिसले टोनी हंटर यांना. जन्म १९४३, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या ॲशफर्डचा. केंब्रिजमध्ये पेशी प्रथिने कशी बनवतात यावर पीएच.डी., मग १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये संशोधक, मध्ये पुन्हा केंब्रिज, आणि १९७५ पासून सॉल्कमध्येच कायमचे. वॉल्टर एकहार्ट यांच्याबरोबर ते उंदरांच्या पॉलिओमा विषाणूवर काम करत होते. हा विषाणू पेशीत शिरला की काही मोजकी प्रथिने बनवतो. त्यांतले ‘मिडल टी’ हे प्रथिन निरोगी पेशीला कर्करोगाच्या वाटेवर ढकलते. ते नेमके करते काय, हा प्रश्न होता.

प्रयोगाची मांडणी त्या काळच्या प्रयोगशाळांत नेहमीचीच. पेशी फोडायच्या. गाठी आलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडे मिसळायची. ती विषाणूच्या प्रथिनांना धरून ठेवतात. ही जोडी साक्यासारखी खाली बसवायची आणि तीत किरणोत्सारी फॉस्फरस-३२ असलेले एटीपी, म्हणजे कायनेजला फॉस्फेट पुरवणारा रेणू, घालायचे. साक्यात कायनेज असेल, तर किरणोत्सारी फॉस्फेट एखाद्या प्रथिनावर चढेल आणि प्रथिने वेगवेगळी करणाऱ्या जेलवर पट्टा उमटेल. पट्टा उमटला, मिडल टीवरच फॉस्फेट चढले होते. आता ते कोणत्या अमिनो आम्लावर चढले, एवढेच पाहायचे बाकी होते.

यासाठीची पद्धत जरा सविस्तर पाहायला हवी, कारण पुढची सगळी कथा तिच्यातच आहे. पट्टा कापून प्रथिन बाहेर काढतात आणि ६ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला एक ते दोन तास ठेवतात. त्याने प्रथिनाची साखळी तुटून सुटी अमिनो आम्ले मिळतात. वेळ कमी पडला तर अर्धवट तुटलेले तुकडे राहतात आणि ठिपक्यांच्या आसपास घाण करतात. जास्त झाला तर आम्ल फॉस्फेटच उपटून काढते आणि सगळा किरणोत्सार मोकळ्या फॉस्फेटच्या रूपात पुढे पळतो. मध्यम वेळ साधली, तरी दोन्ही बाजूंनी गळती होतेच. म्हणूनच या पद्धतीने मिळालेले सेरिन-थ्रिओनिन-टायरोसिनचे प्रमाण अंदाजाचेच मानायचे.

आम्ल उडवून उरलेला अंश सेल्युलोजचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर टिपक्याएवढा ठेवतात. बरोबर फॉस्फोसेरिन, फॉस्फोथ्रिओनिन आणि आता फॉस्फोटायरोसिन यांचे साधे, किरणोत्सार नसलेले नमुनेही मिसळतात. पट्टी बफरने, म्हणजे आम्लता ठरावीक ठेवणाऱ्या द्रावणाने, ओली करतात. इथेच नवशिके फसतात: डबके साचले की नमुना पसरतो आणि ठिपक्याऐवजी धूमकेतू मिळतो. नमुन्यात मीठ राहिले असेल तरीही तेच. मग हजार ते दीड हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात. ऋण भार असलेली फॉस्फोअमिनो आम्ले धन टोकाकडे सरकतात. ज्यावर भार जास्त आणि वजन कमी, ते पुढे. पट्टी वाळवून निनहायड्रिन फवारले, की साध्या नमुन्यांचे जांभळे ठिपके दिसतात. वर एक्स-रे फिल्म ठेवली, की काही दिवसांनी किरणोत्सारी ठिपका काळा उमटतो. काळा ठिपका ज्या जांभळ्यावर पडेल, त्या अमिनो आम्लावर फॉस्फेट होते.

हे बफर बनते फॉर्मिक आणि असेटिक आम्लापासून: लिटरभर द्रावणात २५ मिलिलिटर फॉर्मिक, ७८ मिलिलिटर असेटिक आणि बाकी पाणी. त्याचा सामू, म्हणजे आम्लतेचा आकडा (पीएच), १.९; आकडा जितका कमी, तितके द्रावण जास्त आम्ल. या सामूला फॉस्फोथ्रिओनिन आणि फॉस्फोटायरोसिन जवळजवळ एकाच जागी सरकतात. म्हणजे टायरोसिनवरचे फॉस्फेट आधीही कोणाच्या पट्टीवर उमटले असेल, तर ते थ्रिओनिनच्या नावावर जमा झाले असणार.

हंटर यांच्या हाताशी त्या दिवशी जे बफर होते ते ताजे नव्हते. वापरून वापरून त्याचा सामू १.७ वर उतरला होता. नवे करण्याचा आळस केला, असे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. सामूत ०.२ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयन दीडपटीहून थोडे जास्त. तेवढ्याने फॉस्फेट आणि कार्बॉक्सिल गटांवरचा भार किंचित बदलला, आणि एक ठिपका फॉस्फोथ्रिओनिनपासून वेगळा पडला.

याला नुसते नशीब म्हणणे मला पटत नाही. पट्टीवर अनोळखी ठिपका दिसला, की बहुतेक जण ‘अर्धवट तुटलेला तुकडा’ म्हणून सोडून देतात, आणि दहांत नऊ वेळा ते बरोबरही असते. हंटर यांनी विचार केला की हायड्रॉक्सिल गट असलेले तिसरे अमिनो आम्ल टायरोसिनच आहे. फॉस्फोटायरोसिन त्यांनी प्रयोगशाळेतच बनवले आणि त्याच पट्टीवर शेजारी चालवून पाहिले. ठिपके जुळले. डिसेंबर १९७९ मध्ये एकहार्ट, मेरी ॲन हचिन्सन आणि हंटर यांचा लेख ‘सेल’ या नियतकालिकात आला.

पुढची पायरी लगेच सुचण्याजोगी होती. कोंबड्यांमध्ये सार्कोमा हा कर्करोग घडवणाऱ्या राउस विषाणूच्या ‘सार्क’ प्रथिनाला कायनेजचे गुण आहेत, हे रे एरिक्सन आणि मार्क कॉलेट यांनी १९७८ मध्येच दाखवले होते. त्यांच्या प्रयोगात सार्क चक्क त्याला धरणाऱ्या प्रतिपिंडावरच फॉस्फेट चढवत होते, आणि ते थ्रिओनिनवर चढते असे नोंदवले गेले होते. सॉल्कमध्येच काम करणारे बार्ट सेफ्टन आणि हंटर यांनी १९८० मध्ये तीच तपासणी नव्या नजरेने केली. फॉस्फेट टायरोसिनवर होते. शिवाय सार्क शिरलेल्या कोंबडीच्या पेशींत फॉस्फोटायरोसिन निरोगी पेशींपेक्षा आठपटीपर्यंत वाढलेले आढळले.

निरोगी पेशीत ते असते तरी किती? प्रथिनांवरच्या एकूण फॉस्फेटपैकी सुमारे ०.०३ टक्के. बाकी सगळे सेरिन आणि थ्रिओनिनचे, त्यातही सेरिनचा वाटा प्रचंड. इतके कमी असण्याला कारण आहे. टायरोसिन कायनेज बहुधा थोड्याच वेळासाठी जागे होतात, आणि फॉस्फेट काढणारी विकरे, म्हणजे फॉस्फटेज, लगेच साफसफाई करतात. वाढीचा निरोप आणणारा रेणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटला, ग्राहकाच्या आतल्या टोकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसले, निरोप आत गेला, फॉस्फेट निघाले. कर्करोगात हे कायनेज बंदच होत नाही. पेशीला ‘वाढ’ हा निरोप अखंड मिळत राहतो.

याच फॉस्फटेजमुळे प्रयोगशाळेत रोजची डोकेदुखी होते. पेशी फोडताच ती मोकाट सुटतात आणि मिनिटांत फॉस्फोटायरोसिन फस्त करतात. म्हणून फोडण्याच्या द्रावणात फॉस्फटेजना अडवणारे सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर घालतात आणि सगळे बर्फावर करतात. पण व्हॅनाडेट बाटलीतून काढून थेट घालून चालत नाही. त्याचे द्रावण सामू १० ला आणले की पिवळे दिसते. पिवळा रंग म्हणजे रेणू एकमेकांना चिकटलेले आहेत. ते उकळून रंगहीन करायचे, थंड झाल्यावर सामू पुन्हा १० ला आणायचा, पुन्हा उकळायचे, आणि १० ला ते रंगहीन टिकेपर्यंत हे करत राहायचे. शिवाय द्रावणात ईडीटीए किंवा डीटीटी ही प्रयोगशाळेतली नेहमीची रसायने असतील तर ते व्हॅनाडेटला निकामी करतात. ब्लॉटच्या वेळी, म्हणजे जेलमधली प्रथिने पातळ पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने शोधताना, पडद्यावरच्या रिकाम्या जागा दुधाच्या भुकटीने झाकण्याची सवय असते. फॉस्फोटायरोसिनच्या प्रतिपिंडाबरोबर ती महागात पडते. दुधातल्या केसिनवर फॉस्फेट भरलेले असल्याने सगळा पडदा काळवंडू शकतो. तिथे बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे गाईच्या रक्तातले प्रथिन वापरायचे.

फॉस्फरस-३२ बाबतही एक गोष्ट सांगण्यासारखी. त्याचा अर्धायुकाल १४.३ दिवस, म्हणजे प्रयोग लांबवत बसता येत नाही. त्याचे बीटा कण जोरदार असतात, पण आडोसा शिशाचा नव्हे, सेंटिमीटरभर जाडीच्या ॲक्रिलिकचा घ्यायचा. जड धातूवर आदळले की हे कण क्ष-किरण निर्माण करतात. शिशाचा आडोसा जवळ ठेवणे म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली नवा धोका.

टायरोसिन कायनेज हे औषधाचे लक्ष्य होऊ शकते, याचा पुरावा रक्ताच्या कर्करोगातून मिळाला. क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमियात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले होते. या अदलाबदलीतून ‘बीसीआर-एबीएल’ हे जोडप्रथिन तयार होते, आणि ते न थांबणारे टायरोसिन कायनेज असते. निक लायडन, ब्रायन ड्रुकर आणि इतरांच्या कामातून आलेले इमॅटिनिब हे औषध या जोडप्रथिनातल्या एबीएल भागाच्या एटीपी बसण्याच्या खोबणीतच जाऊन बसते. एटीपी नाही, म्हणजे फॉस्फेट नाही. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात दिवसाला ४०० मिलिग्रॅमची गोळी, बहुतेकांना वर्षानुवर्षे. ते निष्प्रभ होते तेव्हा एक ठरावीक कारण वारंवार दिसते: ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्यूसिन येते. खोबणीच्या तोंडाशी हा जाड रेणू आडवा येतो, शिवाय औषधाला धरणारा हायड्रोजन बंधही जातो. एटीपी मात्र अजूनही आत जाते.

भारतात हे औषध वेगळ्याच कारणाने गाजले. त्याच्या एका स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार नाकारले. विरोधकांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. मूळ गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता. भारतीय कंपन्यांची जेनेरिक गोळी त्याच्या दशांशाच्या आसपास मिळत होती.

हंटर टायरोसिनवर थांबले नाहीत. १९९६ मध्ये त्यांच्या गटाने पिन१ हे विकर मांडले. फॉस्फेट बसलेल्या सेरिन किंवा थ्रिओनिनला लागून प्रोलिन असेल, तर तिथली वळणे ते फिरवते. २००२ मध्ये मानवी जनुकसंचातल्या कायनेजची यादी त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली: एकूण ५१८, त्यांपैकी ९० टायरोसिनवर काम करणारे. पुरस्कारही बरेच मिळाले, २००५ चा वुल्फ आणि २०१८ चा टँग त्यांत येतात.

मला त्यांचे सगळ्यात रोचक काम वाटते ते हिस्टिडिन या आणखी एका अमिनो आम्लावरच्या फॉस्फेटचे. ते १९६२ मध्ये पॉल बॉयर यांच्या गटाला सापडले होते, म्हणजे फॉस्फोटायरोसिनच्या सतरा वर्षे आधी. तरी दशकानुदशके त्याकडे दुर्लक्ष झाले, कारण तिथे फॉस्फरस नायट्रोजनला जोडलेला असतो आणि तो बंध आम्लात आणि उष्णतेत टिकत नाही. ज्या उकळत्या आम्लाने टायरोसिन दाखवले, तेच आम्ल हिस्टिडिनवरचे फॉस्फेट पुसून टाकते. जेलआधी नमुना ९५ अंशाला उकळणे, जेल असेटिक आम्लात बुडवणे, या रोजच्या सवयीही तेच करतात.

२०१५ मध्ये हंटर यांच्या गटाने फॉस्फोहिस्टिडिनच्या दोन्ही रूपांसाठी (फॉस्फेट हिस्टिडिनच्या कोणत्या नायट्रोजनवर आहे, त्यावरून ही रूपे ठरतात) प्रतिपिंडे तयार केली. खरे फॉस्फोहिस्टिडिन सशाच्या शरीरात टिकले नसते, म्हणून न तुटणारी नक्कल वापरून सशांना लस दिली. ही प्रतिपिंडे वापरायची तर नमुना उकळायचा नाही, द्रावण सामू ८.८ च्या आसपास ठेवायचे, जेल थंड ठेवून चालवायचे. आणि खात्री करून घ्यायची: त्याच नमुन्याचा थोडा भाग आम्ल घालून तापवायचा. त्यातला पट्टा गेला, तरच पहिला पट्टा हिस्टिडिनचा. हा पडताळा टाळणाऱ्यांच्या निष्कर्षांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

२०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या मायकेल हॉल यांच्या गटाने हीच प्रतिपिंडे वापरून उंदरांच्या यकृतातल्या गाठी तपासल्या. हिस्टिडिनवरचे फॉस्फेट काढणारे एलएचपीपी हे विकर गाठींमध्ये जवळपास नाहीसे झाले होते आणि तिथे हिस्टिडिनवरचे फॉस्फेट वाढले होते. एलएचपीपी परत घातले, तेव्हा गाठी कमी झाल्या. माणसांच्या यकृताच्या कर्करोगातही एलएचपीपी कमी असलेल्या रुग्णांत आजार अधिक गंभीर आढळला.