आंबट रसातला कोबी लवकर का शिजत नाही?

आंबट घातले की मांस असो वा भाजी, सारे लवकर मऊ होते, असा समज सर्रास आढळतो. पूर्व युरोपीय वारशाच्या ज्यू कुटुंबांत सुक्कोत या शरद ऋतूतील सुगीच्या सणाला कोबी आणि गोमांसाचा जो पदार्थ ओव्हनमध्ये तासन्‌तास मंद आचेवर ठेवतात, त्यात हा समज निम्माच टिकतो. मूळ पदार्थ होलिश्केस, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा. गुंडाळण्याचा खटाटोप टाळून पाने आणि मांसाचे तुकडे यांचे थर लावले की त्याचे सोपे रूप तयार होते. रस टोमॅटो, लिंबू, साखर आणि मनुकांचा, आंबटगोड. लोणी किंवा साय त्यात पडत नाही, कारण कोशेर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारविषयक, नियमांनुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही.

मांस छातीचे किंवा खांद्याचे घेतात. सतत राबणाऱ्या या स्नायूंत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असते. सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते आक्रसून रस पिळून काढते, म्हणून सुरुवातीला मांस उलट चिवट होते. ७० अंशांच्या वर त्याचा तीन साखळ्यांचा पीळ सावकाश उलगडतो आणि त्याचे जिलेटिन बनते. या कामात आंबटपणाची मदतच होते. असे कोलॅजन खाल्ले की ते थेट त्वचेत किंवा गुडघ्यात जाऊन बसते, ही जाहिरातबाजी मात्र निराधार आहे. पचनात त्याचे तुकडे होतात आणि शरीर ते गरजेनुसार वापरते.

कोबीचे रसायन वेगळे आहे. त्याच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन ही गॅलॅक्टुरॉनिक आम्लाच्या अनेक कड्यांची साखळी असते. साध्या पाण्यात उकळताना, ज्या कडीवर मिथाइल गट असतो पाण्यातला हायड्रॉक्साइड आयन (OH⁻) तिच्यावरील एक हायड्रोजन ओढून घेतो आणि तिथला दुवा तुटतो. या अभिक्रियेला बीटा-एलिमिनेशन म्हणतात. रसाचा सामू (pH; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ६ वरून ४ वर आला की हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण शंभरपटीने घटते, आणि दुवे तुटण्याचा वेग मंदावतो. आम्ल स्वतः ही साखळी जोमाने तोडू लागते ते सामू त्याहूनही बराच खाली गेल्यावर, आणि टोमॅटोचा सामू साधारण ४ ते ४.६ असतो, म्हणजे पेक्टिन सर्वाधिक टिकाव धरते नेमक्या त्याच टापूत. आमसूल आधीच घातले तर आमटीची डाळ शिजायला वेळ लागतो, त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे.

म्हणून पाने आधी मिठाच्या साध्या पाण्यात उकळून घ्यावीत. मधली जाड शीर न मोडता वाकू लागली की ती थरात लावण्याजोगी झाली. पुढे टोमॅटोच्या रसात ३ तास राहूनही त्यांचा लगदा होत नाही, कारण सुरुवातीला शिजण्याच्या आड येणारे आम्लच आता त्यांना सांभाळून धरते, आणि तेवढ्या वेळात मांस काट्याने सुटे होण्याइतके मऊ होते. भांड्यावर झाकण घट्ट असावे; ओव्हन १५० अंशांवर असला तरी आतला रस १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. लिंबू किंवा लिंबूसत्त्व शेवटच्या अर्ध्या तासात, चव पाहूनच घालावे.