क्वेरी पॅरामीटर

क्वेरी पॅरामीटर : यूआरएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या पत्त्यात, प्रश्नचिन्हानंतर येणारी नाव आणि मूल्य यांची जोडी. जोडीच्या मध्ये = आणि दोन जोड्यांच्या मध्ये & असते. २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात प्रश्नचिन्हापासून # पर्यंतच्या भागाला ‘क्वेरी’ म्हटले आहे. आत जोड्याच हव्यात अशी सक्ती तिथे नाही. ती रीत वेबपानांवर माहिती भरायच्या एचटीएमएल फॉर्ममुळे रुळली.

बेळगावातल्या एखाद्या मिठाईच्या दुकानाचे संकेतस्थळ घ्या. गिऱ्हाइकाने शोधपेटीत ‘कुंदा & करदंट’ लिहिले आणि प्रोग्रामरने ते जसेच्या तसे पत्त्याला चिकटवले, तर & पाशी जोडी तुटते. सर्व्हरच्या हाती शोध म्हणून नुसता कुंदा लागतो आणि गोकाकचे करदंट मूल्य नसलेल्या भलत्याच पॅरामीटरचे नाव होऊन बसते. म्हणून मूल्य आधी एन्कोड करतात: & च्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि २६ हा आकडा जातो. फॉर्मच्या रीतीत + म्हणजे मोकळी जागा, त्यामुळे +९१ ने सुरू होणारा मोबाइल नंबर एन्कोड न करता धाडला की त्यातला + गळतो.

पॅरामीटर येतो तो मजकूर म्हणून. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ घाईने संख्येत बदलला की ८३१ उरतो. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, त्याला मजकूरच राहू द्यावे.

सीमाभागात प्रश्न लिपीचाही असतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, आणि एन्कोड केल्यावर प्रत्येक बाइटची ३ अक्षरे होतात. ‘बेळगाव’मध्ये काना-मात्रा धरून ६ चिन्हे, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरे. कन्नड लिपीतले ‘बेळगावी’ ६३ वर जाते. लांबी एकवेळ चालेल. खरी अडचण नावाची. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, मराठी माणूस बेळगावच लिहिणार, जुन्या कागदांवर बेलगाम. नावालाच पॅरामीटर केले की एका शहराच्या तीन याद्या तयार होतात. पत्त्यात गावाचा क्रमांक ठेवावा आणि नाव ज्याच्या-त्याच्या भाषेत पडद्यावर दाखवावे. भाषेची निवड मात्र पत्त्यात असलेली बरी: खानापूरहून पाठवलेली मराठी पानाची लिंक निपाणीतही मराठीतच उघडते. कुकीत, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत, ठेवलेली निवड लिंकबरोबर जात नाही.

तालुका=खानापूर&तालुका=निपाणी असे एकच नाव दोनदा आले, तर सर्व्हरवरचे प्रोग्राम लिहिण्याच्या साधनांपैकी पीएचपी शेवटचे मूल्य धरते, जावा सर्व्हलेटची नेहमीची पद्धत पहिले देते आणि एक्सप्रेस दोन्हींची यादी करते. सर्व्हर बदलताना हा फरक हमखास नडतो.

पत्ता कोणीही हाताने बदलू शकतो. पावती क्रमांक १०१ चा १०२ केल्यावर शेजाऱ्याची पावती उघडत असेल, तर सर्व्हरने मालकी तपासलेली नाही. आलेले मूल्य एसक्यूएलच्या (डेटाबेसला विचारणा करायच्या भाषेच्या) वाक्यात किंवा पानात थेट जोडू नये. पासवर्ड तर पत्त्यात घालूच नये. तो ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये पडून राहतो.