‘द ऑफिस’च्या आधीचा ॲलन पार्ट्रिज

ब्रिटिश ‘क्रिंज’ विनोद, म्हणजे बघणाऱ्यालाच अवघडून टाकणारा विनोद, 2001 साली ‘द ऑफिस’ या टीव्ही मालिकेपासून सुरू झाला, असं सर्रास सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. स्टीव्ह कूगननं साकारलेला ॲलन पार्ट्रिज हा स्वतःवर बेहद्द खूश असलेला, पण कामात सुमार निवेदक त्याच्या दहा वर्षं आधी, 1991 मध्ये, बीबीसी रेडिओ 4 वर ‘ऑन द अवर’मध्ये क्रीडा वार्ताहर म्हणून अवतरला होता.

1997 च्या ‘आय ॲम ॲलन पार्ट्रिज’मधला जेवणाचा प्रसंग बघाच. बीबीसीचा अधिकारी टोनी हेयर्स ॲलनच्या टीव्ही कार्यक्रमाला दुसरा हंगाम द्यायला नकार देतो. ॲलन एकामागून एक कल्पना पुढे करतो आणि घसरत घसरत ‘माकडांचा टेनिस’पर्यंत येतो! शेवटी चीज उचलून साहेबांच्या तोंडावर. त्याची केविलवाणी धडपड बघून आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गैरसमजाचं कारण, मला वाटतं, प्रेक्षकांचं हसू. पार्ट्रिजच्या मालिकेत ते ऐकू येतं; ‘द ऑफिस’मध्ये नुसती अवघडलेली शांतता. म्हणून नंतरची मालिका अगदी नवी भासली. पण अवघडलेपण पार्ट्रिजमध्येही तितकंच आहे, आणि त्याचं श्रेय कूगन आणि त्याचा सहलेखक अर्मांडो इयानुची यांना मिळायलाच हवं.