पिवळाधमक गूळच चांगला, हे कुणी सांगितलं?

कोल्हापुरात गूळ घेताना नजर आधी रंगावर जाते. पिवळाधमक तो चोख आणि काळपट तो हलका, ही समजूत घरोघरी पक्की आहे. तिचा माग काढत गेलं की आपण स्वयंपाकघरात नाही, सौद्यात पोचतो. बाजारात फिक्या, पिवळ्या गुळाला चढा भाव मिळत आला. भाव जास्त म्हणजे माल चांगला, असं गिऱ्हाइकानं धरून चाललं. गिऱ्हाईक पिवळाच मागतं म्हणून काही गुऱ्हाळांवर काहिलीत हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, पडू लागलं. त्यानं रंग उजळतो, पण गुळात गंधकाचा अंश राहतो आणि साठवणीत ढेप पुन्हा काळवंडते. मुळात गुळाचा रंग उसाची जात, जमीन आणि रस किती आटवला यांवरही ठरतो. म्हणून पिवळेपणा हा चोखपणाचा पुरावा नाही, तसा भेसळीचाही नाही.

बऱ्याच समजुती अशाच रुजतात. सांगितलेलं लक्षात राहतं. कुणी आणि कशाच्या आधारावर सांगितलं, हे पुसलं जातं. मग नुसती ओळखच खरेपणासारखी वाटू लागते. 1977 मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा 60 विधानं दिली आणि ती किती खरी वाटतात ते विचारलं. त्यातली 20 विधानं दर वेळी तीच होती. त्यांच्यावरचा विश्वास फेरीगणिक वाढला, खोट्या विधानांवरचासुद्धा. खरं उत्तर ठाऊक असलेली माणसं तरी यातून सुटत असतील? तसंही नाही. 2015 च्या एका अमेरिकी प्रयोगात ‘स्कॉटिश पुरुष घालतात त्या आखूड, चुण्यांच्या घागऱ्याला साडी म्हणतात’ अशा धाटणीची विधानं होती. बरोबर उत्तर माहीत असलेल्यांनाही पुन्हा वाचलेलं विधान जास्त खरं वाटलं.

स्वतःची एखादी समजूत तपासायची तर वही घ्या, मोबाइल नको. समजूत एका वाक्यात लिहा. ‘पांढरा रस्सा चांगला असतो’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘पांढरा रस्सा प्यायला की सर्दी लवकर जाते’ हे येतं. शेजारी 0 ते 100 मध्ये आपली खात्री लिहा, आणि ती शोधाशोध करायच्या आधीच लिहा. नंतर लिहिलेला आकडा फसवा असतो, कारण उत्तर कळल्यावर ‘हे आधीच वाटलं होतं’ असंच वाटतं. मग उगम लिहा: पाहिलं, ऐकलं, वाचलं की स्वतः अंदाज बांधला? आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच लिहा. बहुतेकांची चूक इथेच होते. मेंदू रिकामी जागा सोडत नाही, तो पटेल असा उगम जुळवून देतो. पाच जणांकडून ऐकलं असेल, तर त्या पाचांनी कुठून ऐकलं हेही बघा. एकच संदेश पाच गटांतून आला तर तो साक्षीदार एकच.

आता रस्सा. चार रकाने आखा: प्यायलो आणि आठवड्यात बरा झालो; प्यायलो, पण बरा झालो नाही; न पिता बरा झालो; न पिता बरा झालो नाही. आठवणीत फक्त पहिला रकाना भरलेला सापडतो. साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप जाते, आणि रस्सा आपण ती ऐन जोरात असताना मागवतो. त्यानंतरचा उतार रस्स्याच्या नावावर जमा होतो. गरम वाफेनं घटकाभर बरं वाटतं हे खरं, पण तो वेगळा दावा आहे आणि वहीत वेगळ्या ओळीत लिहायला हवा.

उगम कच्चा निघाला म्हणून समजूत खोटी ठरत नाही. आजीनं कारण न देता सांगितलेलं बरोबरही असू शकतं. फक्त खात्रीचा आकडा तेवढा खाली आणायचा आणि पुरावा वेगळा शोधायचा.

स्वतःचा अनुभव हाही उगमच, आणि तो सर्वात हट्टी असतो. ‘2005 ला आमच्या दारात पाणी आलं नाही, म्हणजे इथे येतच नाही’ ही समजूत एकाच पुरावर उभी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. अशा समजुतीच्या जागी वहीत प्रश्न लिहावा: बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं? तो आकडा शेजाऱ्यांच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा आणि त्या दिवसांची नोंदलेली पातळी जुळवून काढता येतो.